औष्णिक वीज केंद्रातला जुना संच बंद झाला, तर कंत्राटी कामगाराच्या हाती काय पडतं?

कायम कर्मचाऱ्याची सहसा दुसऱ्या केंद्रात बदली होते. कंत्राटी माणसाचं मात्र नावही कुठे निघत नाही: टेंडर संपलं, गेटपास जमा, विषय मिटला. परळी, चंद्रपूरसारख्या ठिकाणी जुने संच बंद झाले, तिथे ही अडचण कागदांची जास्त आहे.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा हिशेब सोपा: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. 15,600 रुपये आणि 8 वर्षं असतील तर 72,000. घोळ होतो तो वर्षं मोजताना. काम तेच, खोरं तेच, पण दर टेंडरला ठेकेदार बदलतो आणि नवा म्हणतो, 'तुझी सेवा आजपासून.' म्हणून जुने गेटपास आणि पगारपत्रकं फेकू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे वीज केंद्रावर येते, तेव्हा थकलेल्या पगाराच्या अर्जाची प्रत केंद्राच्या व्यवस्थापनालाही द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक पीएफची. ठेकेदार बदलला की लोक पैसे काढून मोकळे होतात, त्यातल्या पेन्शनचेही. पेन्शनला 10 वर्षं सेवा लागते. पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून. काढू नका, एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा क्रमांक) ट्रान्सफर करा. ट्रान्सफर अडलं तर बहुधा जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते.

सोलर प्रकल्पात काम मिळेल का? उभारणी चालू असताना मिळतं. नंतर उरतात पॅनल धुणारे आणि राखणदार.