मकतबमुळं लेकरू वाचनात मागं पडतंय का?

हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो म्हणून परभणीकडच्या एका आईचं सांगते. लेकरू सातवीत, झेडपीच्या मराठी शाळेत, मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) मकतब म्हणजे कुराण शिकायचा वर्ग, रात्री पांघरुणात मोबाईल. आई म्हणली, "मॅडम, मराठीचा धडा वाचताना अडखळायलंय, दीनाचं (धर्माचं) बी समदं रील बघूनच शिकायलंय, मकतब बंद करून ट्यूशन लावू का?"

मी म्हणलं ताई, मकतब अजिबात बंद करू नका.

मी पोराला वाचायला लावलं. त्यानं वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन) सोबत आणलेला पारा, म्हणजे कुराणाचा भाग, उघडला, बोट ओळीवर, जेर-जबर (अक्षरांवरच्या स्वरखुणा) एक सुटत नव्हता. मग मराठी पुस्तकापुढं ही सफाई कुठं जाते? तिथं शेजारी बसून ऐकणारं कुणी नाही! मकतबात उस्ताद रोज सबक (धडा) ऐकतात, चुकलं की तिथंच थांबवतात. अर्थ विचारला तर मात्र पोरगं गप्प.

मोबाईलमध्ये त्यानं सगळ्यांना पाठवलेला एक मेसेज होता, अकरा जणांना पाठवा खुशखबर येईल, खाली हदीस (पैगंबरांचं वचन) म्हणून लिहिलेलं. कुठल्या किताबातली रे? "स्टेटसला होती." अरे, हदीस गोळा करणाऱ्यांनी कुणी कुणाकडून ऐकलं ती अख्खी सनद तपासली, माणूस भरवशाचा नसला तर रिवायत (सांगितलेली गोष्ट) कमजोर धरली, आणि तू स्टेटस बघून पाठवतोस? मग कुराणातल्या सूरह हुजुरातची ६ वी आयत मराठी तर्जुम्यात (भाषांतरात) त्यालाच वाचायला लावली, बेभरवशाच्या माणसानं खबर आणली तर आधी खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल. अडखळत वाचली पण सोडली नाही, कारण विषय त्याचा स्वतःचा होता.

आईला सांगितलं, मकतबात जो सबक झाला त्याचा मराठी अर्थ त्यानं घरी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचा आन् दोन ओळी आपल्या शब्दात लिहायच्या, व्हिडिओत काही ऐकलं तर सूरह नि आयत नंबर वहीत टिपून किताबात बघायचं, नाही सापडलं तर मौलानांना विचारायचं, तोवर फॉरवर्ड नाही. आई हळूच म्हणली, "मलाच वाचता येत नाही." म्हणलं तुम्ही फक्त ऐका, समजलं नाही तिथं थांबवून विचारा, एवढं कुठलीच ट्यूशन करणार नाही.

दोन लिप्यांनी डोकं गोंधळतं ही भीती पण काढून टाका, आपल्याकडं उर्दू माध्यमाची लेकरं उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही वाचतात. पण सराव करूनही लेकरू सगळ्याच लिप्यांत अक्षरं उलटसुलट करत असेल तर रागावू नका, आधी डोळे दाखवा, मग डिस्लेक्सियाची (वाचन-लेखनातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या.