तारा जितका जुना तितके त्यात धातू कमी, हा नियम सूर्याच्या शेजारीच का मोडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: तारे मरताना जड मूलद्रव्यं अवकाशात उधळतात, म्हणजे आकाशगंगेत लोह, ऑक्सिजन वगैरे वाढतच जायला हवं. मग सूर्याहून जुने, तरीही सूर्याहून धातुसंपन्न तारे आपल्या आसपास कसे?

कारण ताऱ्याच्या जन्मवेळेपेक्षा त्याचं जन्मस्थान जास्त बोलतं. (पत्रिकेशी संबंध नाही!)

महास्फोटातून निघालेल्या साध्या द्रव्यात वस्तुमानानं सुमारे ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम आणि नावापुरतं लिथियम होतं. पुढचं जवळपास सगळं ताऱ्यांनी घडवलं. खगोलशास्त्रज्ञ त्या सगळ्याला सरसकट ‘धातू’ म्हणतात, अगदी ऑक्सिजनलासुद्धा. सूर्यात त्यांचा हिस्सा जेमतेम दीड टक्का आहे.

पण सगळे धातू एकाच वेळी येत नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. सूर्याच्या आठपटींहून जड तारे चार-पाच कोटी वर्षांच्या आत फुटतात आणि भरपूर ऑक्सिजन, मॅग्नेशियम देऊन जातात. लोहाचा मोठा वाटा मात्र श्वेत बटूंच्या, म्हणजे सूर्यासारखे तारे विझल्यावर उरणाऱ्या दाट गाभ्यांच्या, स्फोटांतून येतो. असा एकेक स्फोट सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमानाचं लोह देतो, पण तो व्हायला दहा-वीस कोटी वर्षं लागतात, कधी कित्येक अब्ज. म्हणून जिथे तारे झपाट्यानं बनले, तिथल्या जुन्या ताऱ्यांत लोहाच्या मानानं मॅग्नेशियम जास्त सापडतं. लोह मागाहून येऊन हे गुणोत्तर खाली ओढतं. हा उशिराचा हिशेब १९७९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बिअट्रिस टिन्सली यांनी मांडला. त्या न्यूझीलंडमध्ये वाढल्या आणि १९८१ मध्ये, अवघ्या चाळिशीत, कर्करोगानं गेल्या. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महाकाय समूहांच्या, उत्क्रांतीवर आज जे काही लिहिलं जातं, त्यात त्यांचा विचार कुठे ना कुठे असतोच.

आता तुमच्या ‘वाढतच जायला हवं’कडे येतो. त्यामागे एक गृहीतक आहे: आकाशगंगा म्हणजे बंद डबा, सुरुवातीला जेवढा वायू होता तेवढाच. हे खरं असतं, तर सूर्याभोवतालच्या दीर्घायुषी ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांत सूर्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी धातू असायला हवे होते. प्रत्यक्षात असे तारे मूठभरच आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा गोंधळ लक्षात आला. त्याचं सर्वांत पटणारं उत्तर म्हणजे डबा बंद नाही, बाहेरून जवळजवळ कोरा (धातू नसलेला) वायू आकाशगंगेच्या चपट्या तबकडीत येतच राहतो. आमटीत एकीकडून मीठ पडतंय आणि दुसरीकडून पाणी, असा हा प्रकार. चव काय लागेल ते दोन्हींच्या वेगावर ठरतं.

वायू बाहेरून यावाच लागतो, याचा एक सज्जड पुरावा आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं दिला. २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हजारो दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकत्र करून त्यांतला अणुरूप हायड्रोजन मोजला. तारे तेव्हा ज्या वेगानं बनत होते, त्या वेगानं हा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. नवा वायू पुरेसा मिळेना, म्हणून तारे बनण्याचा वेग पुढे घटला, असा त्यांचा निष्कर्ष.

शिवाय मीठ सगळीकडे सारखं पडत नाही. तबकडीच्या आतल्या भागात वायू दाट आणि तारे लवकर बनलेले, म्हणून तिथे धातू जास्त. बाहेर जावं तसे ते कमी होतात. आपल्या आकाशगंगेत हा उतार असा आहे की साधारण १६ हजार प्रकाशवर्षं बाहेर सरकलं की धातूंचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेले दोन तारे, एक आतला आणि एक बाहेरचा, रचनेनं पार वेगळे.

आणि तारे जन्मले तिथेच राहत नाहीत. २००२ मध्ये सेलवुड आणि बिनी या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं की सर्पिल भुजांच्या ओढाताणीत तारा हजारो प्रकाशवर्षं आत-बाहेर सरकू शकतो आणि तरी त्याची कक्षा जवळपास गोलच राहते. त्यामुळे त्याच्या गतीवरून स्थलांतराचा पत्ता लागत नाही, लागला तर त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या), मूलद्रव्यं ओळखू देणाऱ्या रेषांवरून. मे महिन्यात रात्री दक्षिण क्षितिजालगत दिसणारा नरतुरंगातला मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी, हा आपला सख्खा शेजारी घ्या. बहुतेक अंदाजांनुसार तो सूर्याहून थोडा जुना आहे, आणि त्यात लोह मात्र सूर्याच्या सुमारे दीडपट. तो आतल्या, श्रीमंत भागात जन्मून इकडे आला असावा. सूर्याबद्दलही हाच संशय आहे: त्याच्या वयाच्या, इथल्याच ताऱ्यांच्या सरासरीपेक्षा तो किंचित धातुसंपन्न भरतो.

एक गोष्ट अजून वादात आहे. अपोजी या सर्वेक्षणानं सहा लाखांहून जास्त ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट घेतले. त्यांत तबकडीतले तारे दोन स्पष्ट गटांत पडतात. लोह सारखंच, पण एका गटात मॅग्नेशियम जास्त आणि तो गट जुना, दुसऱ्यात कमी. एक मत असं की आधी एक हप्ता वायू आला, मग तारे बनणं मंदावलं, मग दुसरा हप्ता आला आणि लोहाचं प्रमाण चक्क मागे गेलं. म्हणजे तुमचा ‘वाढतच जातं’ नियम काळाच्या ओघातच उलटला. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक छोटी दीर्घिका आपल्यात विलीन झाली, तिच्याशीही हा दुसरा हप्ता जोडला जातो. दुसरं मत, हप्ते वगैरे काही नाही, ताऱ्यांचं स्थलांतर आणि आत-बाहेरचा फरक एवढ्यानंच दोन गट दिसतात. मला हप्त्यांची गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते. स्थलांतर तर दोन्ही मतांत मान्यच आहे, आणि एकट्या त्याच्यानं किती भागतं हे आधी पाहायला हवं. निकाल लागेल तो ताऱ्यांची वयं अचूक मोजता आल्यावर. त्यात अजून एक-दोन अब्ज वर्षांची चूक सहज होते.