वय वाढताना शरीराच्या कोणत्या लहानसहान गोष्टींची तुम्हाला लाज वाटली?

मी ६४ वर्षांची आहे. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारते, पंगतीत खाली बसले तर उठताना कोणाचा तरी हात लागतो. हे चारचौघांत सांगता येतं. जे सहा वर्षं कोणालाच सांगितलं नाही ते इथे लिहिते, कारण खरी लाज त्याचीच वाटली.

शिंक आली, खोकला आला, भरलेली बादली उचलली की लघवीचे थेंब सुटायचे. पहिल्यांदा पुतण्याच्या हळदीत झालं, हसता हसता. त्यानंतर मी फिकट रंगाच्या साड्या नेसणं सोडलं. बाहेर जायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नसे. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, भजनातल्या सगळ्याजणी गोंदवल्याला, पंढरपूरला निघाल्या. मी दरवेळी गुडघ्याचं कारण सांगितलं. शेजारी बसणारीला वास आला तर, ही धास्ती होती.

शेवटी थोरल्या जाऊबाईंजवळ बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, मला धाकट्याच्या वेळेपासून आहे." एका स्वयंपाकघरात आम्ही तीस वर्षं वावरलो, आणि एकमेकींना माहीत नव्हतं!

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी आणि साखर तपासून घेतली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने समजावलं की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. व्यायाम असा: वायू आणि लघवी दोन्ही रोखून धरल्यासारखं आतून वर आवळायचं, पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही, पोट आत ओढायचं नाही. मी पहिले पंधरा दिवस पोटच ओढत होते, म्हणून एकदा तरी जाणकाराकडून शिकून घ्या. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला.

पाणी तोडणं ही माझी मोठी चूक होती. लघवी गडद होऊन जास्त चुरचुरते, पोट साफ होत नाही, आणि कुंथलं की त्याच स्नायूंवर ताण येतो. लघवीतून रक्त गेलं किंवा जळजळ झाली तर मात्र व्यायामावर विसंबू नका, थेट डॉक्टर गाठा.

माझं पूर्ण थांबलेलं नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत अजून पॅड लावते. पण गोंदवल्याला दोनदा जाऊन आले, खिडकीजवळ बसून, बाटलीभर पाणी पीत. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की मी आणि जाऊबाई सोप्यात बसतो आणि दोघी मिळून आकडे मोजतो.