भोंगा अंधारात व्हायचा

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नागपूरवर पुस्तक लिहितो आहे. बेचाळीसची चळवळ, राजकारण, सगळं मिळालं. पण साध्या घरात रोज काय चालायचं ते हाती लागत नाही. नव्वदी ओलांडलेल्या आजींना विचारलं तर "फार महागाई होती बाप्पा" म्हणून गप्प होतात. काय करावं? – एक वाचक, धंतोली

उत्तर : त्यांना युद्धाबद्दल विचारूच नका. मातीच्या तेलाबद्दल विचारा. (त्यांच्याशी बोलताना रॉकेल म्हणू नका, वेळ जातो.)

माझी आत्या महालात राहायची, यजमान एम्प्रेस मिलमध्ये. ती म्हणायची, "तेव्हा सकाळचा भोंगा अंधारात व्हायचा." मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी. बऱ्याच वर्षांनी कळलं, की १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने घड्याळं तासभर पुढे केली होती, ती थेट ऑक्टोबर १९४५ पर्यंत. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेसहानंतर उगवतो, म्हणजे नव्या वेळेने साडेसात उलटून गेल्यावर. डबा करायला कंदील हवाच. आणि मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशातून येणारं तेल बंद झालं. गरज वाढली तेव्हाच तेल आटलं! आत्या चुलीच्या जाळाच्या उजेडातच भाकरी थापायची. भाजली की करपली ते वासावरून कळायचं. हे कुठल्या दप्तरात सापडणार?

दप्तर मात्र लागतंच, कारण आठवणी युद्धांची सरमिसळ करतात. मी स्वतः एका लेखात १९४२ च्या ब्लॅकआउटचं झकास वर्णन छापलं: खिडक्यांना काळे कागद, विजेच्या दिव्याला पुठ्ठ्याची टोपी. एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं, "त्या घरात वीज कधी आली?" आली होती १९६० नंतर. सांगणाऱ्या बाई १९७१ चं सांगत होत्या. तेव्हापासून मी पैशांवरून ताडून बघतो. बोलण्यात "नवा पैसा" आला की ती आठवण १९५७ नंतरची.

किराण्याच्या जुन्या वह्या मागा. माळ्यावर असतात, आणि लोक लाजतात द्यायला, उधारी दिसते म्हणून. मिती शकात असते. शके १८६५ म्हणजे १९४३ च्या पाडव्यापासूनचं वर्ष. लग्नपत्रिकाही बघा. मुहूर्त जुन्या वेळेने की नव्या, हा तेव्हा घराघरातला वाद होता. आमच्याकडच्या एका पत्रिकेवर दोन्ही वेळा छापल्या आहेत, आणि तरी अर्धं वऱ्हाड उशिरा पोचलं म्हणतात. वर्तमानपत्रांतल्या अग्रलेखांपेक्षा जाहिराती वाचा.

आणि एक करा. १९४३ पासून निघालेला भोकाचा पैसा जुनी नाणी विकणाऱ्याकडे अजून मिळतो. तो खिशात ठेवा. मी एका आजींच्या हातावर ठेवला, तर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हा आमच्या धाकट्याच्या करदोट्यात होता." पुढे दोन तास मी फक्त लिहून घेत होतो.