निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलाकडे राहायला गेल्यावर रेडिओ कंट्रोलची विमानं उडवायला शिकता येतात का?

प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की बाबा ६५ वर्षांचे आहेत, सगळी नोकरी बडोद्यात झाली, आता कायमचे भावाकडे ओहायोला चाललेत आणि तिकडे जाऊन रिमोटची विमानं उडवणार म्हणतात. या वयात डोळे आणि हात साथ देतील का, आणि पोलिसबिलिस धरणार नाहीत ना? वाचून हसू आलं. आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलाने मला अगदी हेच विचारलं होतं, आवाज तेवढा जरा चढा होता.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातला. एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात ३४ वर्षं काढली. मुलगा डेटनजवळ राहतो, म्हणजे राइट बंधूंच्या गावात. आता वर्षाचे आठ महिने तिकडे आणि थंडीचे चार इकडे. तर उत्तर: हो, शिकता येतात. पण बाबांना विमान घेऊन देण्याआधी गाडी चालवायला शिकवा.

गंमत करत नाहीये. विमानाचा क्लब म्हणजे गावाबाहेर मक्याच्या शेतांमधली कापलेल्या गवताची पट्टी. आमच्या घरापासून २२ मैल. तिथे ना बस ना रिक्षा. पहिलं वर्षभर मी मुलाच्या शनिवारावर अवलंबून होतो आणि शनिवारी त्याला नातीचा फुटबॉल, वाणसामान, गवत कापणं. मी सकाळी बॅटऱ्या चार्ज करून, टोपी घालून सोफ्यावर बसलेला. तो बिचारा म्हणायचा, "बाबा, निघू या अर्ध्या तासात." चार वाजेपर्यंत वारा सुटायचा. सारखं सोड म्हणून मागायला नको वाटायचं. शेवटी ६४ व्या वर्षी लायसन्स काढलं. ओहायोच्या परीक्षेत ९ फूट बाय २० फुटांच्या चौकोनात खांब लावून गाडी पुढे काढायची आणि तशीच मागे आणायची असते. रावपुऱ्याच्या गर्दीतून जन्मभर स्कूटर काढलेला माणूस मी, पहिल्या दिवशी मागचा खांब पाडून घरी आलो. दुसऱ्यांदा जमलं. त्यानंतर मी मंगळवारी सकाळी जायला लागलो. तेव्हा मैदानावर सगळे निवृत्तच असतात.

आता हातांचं. तुमच्या बाबांनी जन्मभर उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, केलं असेल, म्हणून त्यांना वाटत असेल की आभाळातली वस्तू आपल्याला कळते. मलाही तसंच वाटायचं. पतंग बोटाशी बोलतो. ढील द्यायची की खेच मारायची हे डोळ्याआधी मांजा सांगतो. या विमानाला दोरीच नाही. रिमोटवरची दांडी, म्हणजे स्टिक, अंगठ्याखाली सारखीच मऊ लागते, विमान सरळ असो की उलटं. हाताला काहीच कळत नाही, सगळं डोळ्याने ओळखायचं, आणि ही सवय मोडायला मला दोन महिने लागले. मधेच अंगठा आपोआप खेच द्यायचा आणि विमान नाक वर करून थबकायचं.

दुसरी गोची डाव्या-उजव्याची. विमान तुमच्यापासून लांब जातंय तोवर उजवं ते उजवं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं. माझं पहिलं विमान मी कोणालाही न विचारता मागवलं होतं, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानासारखं दिसणारं, फार देखणं. घरामागच्या मोकळ्या जागेत सोडलं. गेलं झकास, वळलं, माझ्याकडे आलं, मी माझ्या डावीकडे न्यायला स्टिक डावीकडे दिली आणि ते सरळ शेजारच्या मेपलच्या झाडात. फार तर दहा-बारा सेकंदांचं उड्डाण. बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

क्लबातल्या ७८ वर्षांच्या एका गृहस्थांनी मग साधी युक्ती सांगितली: विमान तुमच्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. डावं-उजवं विसरून जायचं. त्यांनीच मला बडी बॉक्सवर शिकवलं. म्हणजे दोन ट्रान्समीटर (हातातले रिमोट) जोडलेले, एक तुमच्या हातात, एक गुरुजींच्या. त्यांनी बटण सोडलं की विमान त्यांच्या ताब्यात. एकदा मी वळणात घाबरून दोन्ही स्टिक कोपऱ्यात दाबल्या, तर ते म्हणाले, "हात काढ." मी काढले. विमान डुललं आणि आपणहून सरळ झालं. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांशी किंचित उचललेले असतात, ते याचसाठी. म्हणून पहिलं विमान देखणं नको, असं बावळट दिसणारं फोमचं हवं. फोम तुटला तर चिकटवता येतो.

हात थरथरत असतील तर ट्रान्समीटरमध्ये 'एक्स्पो' म्हणून सेटिंग असतं. त्याने मधल्या भागात स्टिक मवाळ होते, अंगठा थोडा हलला तरी विमान फारसं हलत नाही. डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन उरकून घ्या. माझं एका हिवाळ्यात बडोद्यातच झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात विमान जवळपास दुप्पट अंतरावर ओळखू यायला लागलं. शिवाय पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगळ्या ठळक रंगांची ठेवा. मी खाली काळे पट्टे मारलेत.

(बाबा तांत्रिक कामातले असतील तर एक गोष्ट त्यांना फार आवडेल. पंखाची फळी हलवणारा सर्व्हो उघडून बघायला सांगा. आमच्या प्लँटमधला व्हॉल्व्ह पोझिशनरच आहे तो, काडेपेटीएवढा. सांगितलेल्या जागी जातो, पोचलो का ते मोजतो, फरक असेल तर सरकतो. मी पहिला उघडला तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं झालं.)

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत छंद म्हणून उडवायला 'ट्रस्ट' नावाची ऑनलाइन परीक्षा आहे, फुकट, नापास होणं अवघड. विमान २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे, नोंदणी, ५ डॉलर, तीन वर्षांसाठी. मिळालेला नंबर विमानावर बाहेरून दिसेल असा लावायचा. विमान सतत नजरेत, विमानतळांच्या नियंत्रणाबाहेरच्या हवाई क्षेत्रात उंची ४०० फुटांपर्यंत. नोंदणी लागणाऱ्या विमानांना आता रिमोट आयडीही लागतो, म्हणजे विमानाने स्वतःची ओळख हवेत प्रक्षेपित करायची. पण बऱ्याच क्लबांची मैदानं एफएएने त्यासाठी मान्य केलेली असतात, तिथे हे यंत्र नसलं तरी चालतं. क्लबात जायचं हे एक कारण. दुसरं म्हणजे विमा. १९३६ पासूनची अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स म्हणून संस्था आहे, तिच्या सभासदत्वात २५ लाख डॉलरपर्यंतचं दायित्व संरक्षण येतं. तिचं मुख्यालय शेजारच्या इंडियाना राज्यात मन्सीला, तिथे मॉडेल विमानांचं संग्रहालयही आहे. बाबांना एकदा घेऊन जा, दिवस कमी पडेल. डेटनचं हफमन प्रेअरी तर बघाच. १९०५ च्या ऑक्टोबरात राइट बंधूंनी त्या कुरणावर गोल गोल फिरत ३९ मिनिटं विमान हवेत ठेवलं होतं.

एक चूक करू नका: हिवाळ्यात बडोद्याला येताना तयार विमान बॅगेत घालून आणू नका. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि कस्टमच्या टेबलावर ड्रोन आणि विमान यांतला फरक समजावत बसणं काही खरं नाही. सुट्या भागांना मोकळीक आहे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या मात्र चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, केबिनमध्ये स्वतःजवळ, टोकांना टेप लावून. शिकाऊ विमानाची ३ सेलची २२०० एमएएचची बॅटरी साधारण २४ वॉट-तास भरते. मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे अडचण येत नाही.

आणि बडोद्यात नवलखी मैदान डोक्यातून काढून टाका. हरणीचं विमानतळ जवळ आहे. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत चालतं. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या नकाशात हिरवं दिसेल तिथेच जा. जानेवारीत तर मी इथे विमानाचा डबा उघडतसुद्धा नाही. आभाळभर मांजा, पंख्यात गुंतला की संपलं. गच्चीवर जाऊन पतंगच उडवतो. बोटाला पुन्हा ओढ लागली की बरं वाटतं.

बाबा निघायला वेळ असेल तर आत्ताच संगणकावरचा सिम्युलेटर घेऊन द्या. सोबतचा ट्रान्समीटर मोड २ चा घ्या, थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या हाताला असलेला. तिकडे बहुतेक सगळे तोच वापरतात आणि एका मोडवर बसलेला हात दुसऱ्यावर नेणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रोज अर्धा तास पुरे. पहिल्या आठवड्यात पन्नास-साठ विमानं पाडतील, पाडू द्या, तिथे मेपल शेजाऱ्याचा नसतो.