कानगोष्टी: कंट्रीत हे धुकं कुठून आलं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी १९७० च्या आसपासच्या त्या संथ, किंचित सायकेडेलिक (म्हणजे भास झाल्यासारख्या, स्वप्नाळू) अमेरिकन कंट्री-रॉकबद्दल (कंट्री म्हणजे तिकडचं ग्रामीण गाणं, त्यात रॉक मिसळलेला) चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. हे संगीत माझ्या फार जवळचं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली तर लांबली.

प्रश्न: ताई, कंट्री म्हणजे हॅट, बूट आणि ट्रक एवढंच माझ्या डोक्यात होतं. परवा प्लेलिस्ट आपोआप पुढे सरकत ग्रेटफुल डेड या बँडचं 'अमेरिकन ब्युटी' लागलं आणि आता कॉलेजचा अभ्यास करताना तेच चालू असतं. गाणी साधी आहेत, तरी ऐकताना तरंगल्यासारखं होतं. हे असं का होतं?

उत्तर: तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे बघ, गाणी साधी आहेत आणि तरी तरंगल्यासारखं होतं. मला वाटतं साधी आहेत *म्हणूनच* तरंगता येतं. १९६६-६७ चा सायकेडेलिक रॉक ऐकलास तर तिथे सगळंच सुटलेलं असतं, चाल कुठे वळेल सांगता येत नाही, गाणं मध्येच फुटतं, शब्द कोड्यात बोलतात, त्यात मजा आहे पण थोडी भीतीही आहे. कंट्रीचं गाणं त्याच्या अगदी उलट. तीन-चार कॉर्ड, दोन कडवी ऐकली की तिसरं कसं जाणार ते कळतं, आणि विषय म्हणजे कोणीतरी सोडून गेलंय, घर लांब राहिलंय, हातून चूक झालीय. या लोकांनी काय केलं, तर गाणं तसंच ठेवलं, त्याला हातच लावला नाही, आणि त्याच्या आजूबाजूचा आवाज मात्र सैल सोडला. गिटार जरा लांबून आल्यासारखी, आवाजांवर आवाज, प्रतिध्वनी थोडा जास्त वेळ रेंगाळणारा. पायाखाली जमीन पक्की आहे म्हटल्यावर माणूस डोळे मिटून बिनधास्त झुलू शकतो. माझ्यासाठी या सगळ्या संगीताची ओढ इथे आहे, बाकी सगळं यातूनच येतं.

आणि हे कॅलिफोर्नियातच का झालं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं हिप्पींना एक दिवस कंट्रीचा शोध लागला. तसं नाहीये. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा आणि आजूबाजूच्या राज्यांतून दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियात आली, ती आपली गाणी सोबत घेऊनच आली, आणि पुढे बेकर्सफील्डला बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड यांचं कंट्री उभं राहिलं ते कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलपेक्षा जास्त धारदार होतं. म्हणजे लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये लांब केस ठेवून राहणाऱ्या पोरांच्या शेजारीच, नॉर्थ हॉलिवूडच्या पालोमिनो क्लबमध्ये, रोज रात्री अस्सल कंट्री वाजत होतं. फक्त दोन्ही गट एकमेकांकडे बघत नव्हते.

बघायला लावलं ते ग्रॅम पार्सन्सने. फ्लोरिडात जन्मलेला, दक्षिणेत वाढलेला हा मुलगा १९६८ साली द बर्ड्समध्ये आला आणि त्या बँडला थेट नॅशव्हिलला घेऊन गेला. १५ मार्च १९६८ ला ते रायमन ऑडिटोरियममध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या स्टेजवर उभे राहिले, लांब केसांचा रॉक बँड आणि समोर कंट्रीचं कर्मठ पब्लिक, स्वागत थंडच झालं. जाहीर झालं होतं हॅगर्डचं गाणं आणि पार्सन्सने ऐनवेळी स्वतःचं 'हिकरी विंड' गायलं, त्यामुळे आयोजकही भडकले. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा त्यांचा अल्बम त्याच ऑगस्टमध्ये आला आणि फारसा खपला नाही. रॉकवाल्यांना तो मागासलेला वाटला, कंट्रीवाल्यांना भेसळ वाटली.

आता १९६८ हे वर्ष काय होतं ते आठव. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्येच रॉबर्ट केनेडींची हत्या, व्हिएतनाम चालूच. जोरात ओरडून झालं होतं सगळ्यांचं. ग्रेटफुल डेडसारखा बँड, ज्यांची गाणी स्टेजवर अर्धा अर्धा तास लांबायची आणि जे १९६९ च्या अल्बमच्या स्टुडिओ खर्चाने कर्जात बुडाले होते, त्यांनी १९७० मध्ये एकाच वर्षात 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्युटी' केले, छोटी छोटी गाणी, अकूस्टिक गिटार, तिघांनी मिळून गायलेलं. तू ऐकतोयस तो थकून शांत झालेल्या माणसांचा आवाज आहे, आणि त्या थकव्यात कडवटपणा नाही, म्हणून तो अभ्यासाच्या टेबलावरसुद्धा चालतो.

प्रश्न: या गाण्यांत मागे एक लांबट, रडल्यासारखा आवाज येतो. मला व्हायोलिन वाटतं, नवरा म्हणतो सिंथेसायझर. पैज लागलीय, निकाल द्या!

उत्तर: दोघंही हरलात! ती पेडल स्टील गिटार. आणि या वाद्याबद्दल लिहायला मिळालं म्हणून मी तुमच्या दोघांची आभारी आहे.

ही गिटार गळ्यात अडकवत नाहीत, टेबलासारखी पायांवर उभी असते आणि वादक तिच्यासमोर बसतो. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो, तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताने तारा छेडायच्या. इथपर्यंतचं मूळ हवाईमधलं आहे, जोसेफ केकुकू हे नाव त्यात पहिलं घेतलं जातं, आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारचं वेडच लागलं अमेरिकेला. पुढची करामत पायात आणि गुडघ्यात आहे. खाली पेडल असतात, गुडघ्यापाशी लिव्हर असतात, ते दाबले की ठराविक तारा ताणल्या जातात किंवा सैल होतात आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. म्हणजे तीन सूर एकत्र वाजतायत, त्यातला एक स्थिर आणि दुसरा त्याच्या शेजारून हळूच वर चढतोय. मींड आपल्या कानाला नवी नाही, पण एक सूर थांबलेला असताना दुसऱ्याने त्याच्यापासून असं सरकत जाणं, तिथे काळजात कळ येते. पेडलचा हा चढ पहिल्यांदा हिट गाण्यात स्पष्ट ऐकू आला तो १९५४ मध्ये, वेब पिअर्सच्या 'स्लोली'मध्ये, वाजवणारे होते बड आयझॅक्स. त्यानंतर नॅशव्हिलमधल्या कित्येक वादकांनी आपापली वाद्यं उघडून बदलून घेतली.

उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडली की आवाज आधी मोठा आणि मग विरत जातो, वादक तो विरायला लागला की पायाने वाढवत नेतो, त्यामुळे 'टंग' असा घाव ऐकूच येत नाही, नुसता सूर उगवतो आणि रेंगाळतो. म्हणून तुम्हाला व्हायोलिन वाटलं, म्हणून यांना सिंथेसायझर वाटला. कंट्रीची ओळख बनलेलं वाद्य मुळातच थोडं सायकेडेलिक आहे, हे मला आजही भारी वाटतं.

पार्सन्सच्या पुढच्या बँडच्या, म्हणजे द फ्लाइंग बुरिटो ब्रदर्सच्या, स्नीकी पीट क्लाइनोने १९६९ च्या 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन'मध्ये हीच पेडल स्टील फझबॉक्समधून (आवाज खरखरीत करणारी पेटी) आणि लेस्ली स्पीकरमधून वाजवली. लेस्ली हा मूळचा ऑर्गनसाठी केलेला स्पीकर, आत भोंगा गोल फिरतो आणि आवाज जवळ येतो, लांब जातो, सतत घुसळल्यासारखा. क्लाइनो एरवी सिनेमा-टीव्हीसाठी ॲनिमेशन आणि स्पेशल इफेक्ट्स करणारा माणूस होता, कंट्रीच्या शाळेतले नियम मोडायला तो अजिबात घाबरला नाही. पैज लावलीच आहे तर दोघांनी मिळून तो अल्बम ऐका.

प्रश्न: माझा मुलगा दिवसभर ही गाणी लावतो. खरं सांगायचं तर मलाही गोड वाटतात. पण 'सायकेडेलिक' म्हणजे एलएसडी वगैरेच ना? जिवाला घोर लागतो.

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. हो, त्या मंडळींत ड्रग्ज भरपूर होती. पार्सन्स १९ सप्टेंबर १९७३ ला जोशुआ ट्रीमधल्या एका मोटेलात वारला, मॉर्फिन आणि दारू, वय फक्त २६. त्याच्या सुप्रसिद्ध पांढऱ्या सुटावर गांजाची पानं, गोळ्या आणि अफूची फुलं भरतकामात काढलेली होती, आज तो फोटो बघवत नाही मला. याला कोणी रोमँटिक म्हणत असेल तर ते मला मान्य नाही, त्याच्याकडे अजून किती गाणी होती याचाच विचार येतो. गायिका एमिलू हॅरिससोबत त्याने गायलेला 'ग्रीव्हस एंजल' हा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर, १९७४ मध्ये आला.

पण तुम्हाला जे गोड वाटतंय ते नशेने वाजत नाही. 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वर पेडल स्टील वाजवणारे लॉइड ग्रीन आणि जेडी मॅनेस हे पट्टीचे स्टुडिओ वादक होते, वेळेवर येऊन अचूक वाजवून जाणारे. धूसरपणा येतो तो फिरत्या स्पीकरमधून, टेप एकोमधून, एकाच गायकाचा आवाज दोन-तीनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवण्यातून, म्हणजे सगळं कारागिरीचं काम आहे. मुलाशी ड्रग्जबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोला, आणि पार्सन्सची ही हकीकतच सांगा त्याला, त्याला ऐकावीशी वाटेल. गाणी बंद करू नका. तुम्हालाही आवडतात म्हणताय तर एकत्र ऐका.

प्रश्न: ऑफिसातला एक मित्र सॉफ्ट रॉकला पाणचट म्हणतो. म्हणतो ईगल्स म्हणजे कंट्री-रॉक धुऊन इस्त्री करून विकलं. खरं आहे का?

उत्तर: थोडं खरं आहे. बुरिटो ब्रदर्समधलाच बर्नी लेडन पुढे ईगल्समध्ये गेला, आणि जे सूत्र आधी खपत नव्हतं तेच अमेरिकेच्या इतिहासात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झालं, १९७६ चं ग्रेटेस्ट हिट्स २०१८ मध्ये ३८ वेळा प्लॅटिनम ठरलं. कडा घासून गुळगुळीत केल्या हे मान्य. पण गुळगुळीत म्हणजे पोकळ नाही. 'विचिटा लाइनमन' घ्या, १९६८, जिमी वेबचं गाणं, ग्लेन कॅम्पबेलचा आवाज, व्हायोलिनचा ताफा, सगळं अगदी मऊ. आणि विषय काय, तर खांबावर चढून तारा दुरुस्त करणारा एकटा माणूस. वेबने गाणं अपूर्णच पाठवलं होतं, तिसरं कडवं नव्हतंच, तिथे कॅम्पबेलने जाड आवाजाच्या बेस गिटारवर साधी सुरावट वाजवली, आणि वेबच्या ऑर्गनने तारेवरच्या सिग्नलसारखे टिपटिप सूर भरले. ते ऐकून कोणी पाणचट म्हणत असेल तर माझं त्याच्याशी जमणं कठीण आहे. मऊ आवाजात दुःख सांगायला जास्त संयम लागतो असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? खूप नावं देऊ नका.

उत्तर: बरं, तीनच. 'मॅग्नेटिक साउथ', १९७०, माइक नेस्मिथ. हो, तोच टीव्हीवरच्या द मंकीजमधला. रेड रोड्सची पेडल स्टील इतकी हलकी वाजते की गाणं कधी संपलं कळत नाही, सुरुवातीला हेच घ्या. मग डेव्हिड क्रॉसबीचा १९७१ चा 'इफ आय कुड ओन्ली रिमेंबर माय नेम', यात कंट्री कमी आणि धुकं जास्त. त्याची मैत्रीण १९६९ मध्ये कार अपघातात गेली होती आणि तो स्टुडिओत येऊन बसायचा, सॅन फ्रान्सिस्कोचे सगळे दोस्त सोबतीला. शेवटी तर शब्दच नाहीत, स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर. आणि तिसरा, जीन क्लार्कचा 'नो अदर', १९७४. भरमसाट खर्च करून केला, कंपनीने पुढे रेटला नाही, सपशेल पडला, क्लार्क १९९१ मध्ये गेला तोवर मोजक्या लोकांनाच त्याची किंमत होती. २०१९ मध्ये तो नव्याने, नीट साफसूफ करून निघाला आणि आता जिथे तिथे त्याचं नाव ऐकू येतं. मला विचाराल तर तिन्हींत हाच मोठा, पण पहिल्या फटक्यात ऐकू नका, जड जाईल.

प्रश्न: आजकाल असं कोणी करतं का?

उत्तर: करतात की. केसी मसग्रेव्ह्जचा २०१८ चा 'गोल्डन अवर' ऐका, त्यात एका गाण्यात बँजो आणि व्होकोडर (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारं उपकरण) एकत्र आहेत आणि दोघं भांडत नाहीत. त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. पुरुषी, खरखरीत आवाज हवा असेल तर स्टर्जिल सिम्पसनचा २०१४ चा 'मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक'.

प्रश्न: हेडफोनवर ऐकू की स्पीकरवर?

उत्तर: क्रॉसबी आणि क्लार्क हेडफोनवर, कारण आवाजांचे थर डाव्या-उजव्या बाजूला पसरलेले असतात आणि फोनच्या स्पीकरवर त्यांचा नुसता लगदा होतो. डेड आणि नेस्मिथ मात्र खोलीत स्पीकरवर लावा, आवाज बेताचा, जेणेकरून बाजूला बसलेल्या माणसाशी बोलताही येईल. फोनमधलं बेस बूस्ट तेवढं आधी बंद करा, पेडल स्टीलचे वरचे सूर त्याखाली पार दबून जातात.