अगापे : प्रीती, दान की आणखी काही?

वानवडीतल्या एका लग्नपत्रिकेच्या माथ्यावर 'अगापे' एवढाच शब्द छापला होता, त्याचा अर्थ काय, असं एका वाचकाने विचारलं आहे. शिवाय त्यांना हेही हवं आहे की उच्चार कसा करायचा, इंग्रजी कोशात दिलेला 'दान' हा अर्थ बरोबर का, आणि मराठीत याला शब्दच नाही असं कुणीतरी म्हणालं ते कितपत खरं.

उच्चाराचं आधी उरकतो. शब्द ग्रीक आहे. अ-गा-पे, जोर 'गा'वर. आजचे ग्रीक शेवटी 'पी' म्हणतात आणि 'ग' घशात घासतात. याच स्पेलिंगचा 'अगेप' हा इंग्रजी शब्द वेगळा. त्याचा अर्थ 'आ वासून'. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

ख्रिस्ती परिभाषेत अगापे म्हणजे समोरच्याची लायकी न बघता आणि परतफेडीची वाट न बघता केलेली प्रीती. देवाची माणसावर असते ती, आणि म्हणून माणसाने माणसावर, अगदी वैऱ्यावरही करायची ती. पत्रिकेवर हाच अर्थ अभिप्रेत असणार.

मात्र हा शब्द काही असा सोवळा जन्मलेला नाही. त्याची व्युत्पत्ती अजून पक्की लागलेली नाही, पण त्याच्या क्रियापदाचं कुळ प्राचीन ग्रीक कवी होमरपर्यंत सापडतं. 'ओडिसी'च्या सोळाव्या सर्गात ओडिसियसचा मुलगा परत आलेला पाहून म्हातारा डुक्करपाळ त्याला कवटाळतो. दहा वर्षांनी परदेशातून आलेल्या मुलाला बाप जसा जवळ घेतो तसा, असं कवी म्हणतो, आणि तिथे याच कुळातलं क्रियापद येतं. पुढच्या ग्रीकमध्ये 'आहे त्यात समाधान मानणं' असाही त्याचा एक अर्थ आहे. 'अगापे' हे नाम मात्र जुन्या ग्रीकमध्ये फारसं दिसत नाही. ते ठळकपणे भेटतं इसवी सनापूर्वीच्या शतकांत, ज्यू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात. तिथे ते हिब्रू 'अहवा'साठी वापरलंय, आणि 'अहवा' कुठल्याही प्रेमाला चालतो. दावीद राजाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. त्यानंतर त्याला तिचा जो तिटकारा आला तो आधीच्या प्रेमापेक्षाही मोठा होता, असं त्या ग्रंथांपैकी २ शमुवेल या पुस्तकात (१३:१५) आहे. त्या 'प्रेमा'ला ग्रीक भाषांतरात शब्द आहे अगापे!

नव्या करारातही, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातही, तेच. लोकांना उजेडापेक्षा अंधार प्रिय झाला, हे योहान ३:१९ मधलं वाक्य याच धातूवर उभं आहे. परूश्यांना, म्हणजे ज्यूंमधल्या एका कर्मठ पंथाच्या लोकांना, सभास्थानातली पुढची आसनं आवडतात, लूक ११:४३, तिथेही हाच. तेव्हा 'एरोस म्हणजे शारीरिक, फिलिया म्हणजे मैत्रीचं, स्तोर्गे म्हणजे घरच्यांचं आणि अगापे म्हणजे निःस्वार्थ' हा जो चौकोनी तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, तो मला फार इस्त्री केलेला वाटतो. त्यातला 'एरोस' तर नव्या करारात एकदाही येत नाही. एरोस आणि अगापे यांना समोरासमोर उभं करण्याचं बरंचसं श्रेय स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नुग्रेन यांच्या १९३० च्या दशकातल्या ग्रंथाला जातं. निःस्वार्थपणा शब्दाला चिकटला तो वापरामुळे. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं 'देव प्रीती आहे' हे वाक्य शतकानुशतकं वाचलं गेलं, आणि शब्द त्या रंगाचा झाला.

आता 'दान'. ही इंग्रजीची वाट. लॅटिन बायबलात अगापेसाठी बऱ्याच ठिकाणी 'कारितास' आलं. 'कारुस' म्हणजे प्रिय, त्यावरून. (गंमत म्हणजे 'कारुस' आणि आपला 'काम' हे एकाच मूळ धातूचे मानतात. म्हणजे एवढ्या सोज्वळ शब्दाचा चुलतभाऊ थेट मदन!) कारितासचं इंग्रजीत 'चॅरिटी' झालं. बायबलचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडल याने १५२६ मध्ये तिथे साधा 'लव्ह' घातला, त्यावर कॅथलिक पंडित थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. १६११ च्या राजाश्रयी भाषांतरात करिंथकरांच्या त्या अध्यायात पुन्हा 'चॅरिटी' आली आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत गेली. मधल्या काळात रोजच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ धर्मादाय, देणगी असा आक्रसला. अगापेचा अर्थ 'दान' घ्यायचा तर त्याच अध्यायातली तिसरी ओवी अडते: मी माझं सगळं धन गोरगरिबांना वाटून टाकलं, पण अगापे नसेल, तर मला काही लाभ नाही. दान करूनही दान नसेल तर, असं पौल कशाला म्हणेल? इंग्रजीच्या आडवळणाने न जाता थेट मूळ भाषांतून मराठी करण्याचं काम आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी केलं होतं. त्याचं मोल अशा ठिकाणी कळतं.

अनेकवचनात याच शब्दाचा आणखी एक अर्थ होतो: आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचं सामुदायिक जेवण. यहूदाच्या पत्रात, बाराव्या ओवीत, तो आहे. मराठीत त्याला 'प्रीतिभोजन' म्हणता येतं.

आणि मराठीत शब्द नाही हे तर साफ चूक. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली', 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' ही वाक्यं मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना पाठ असतात. सिनेमाच्या गाण्यांत लाजणारी 'प्रीती' तीच, त्यामुळे बाहेरच्याला ती जरा रोमँटिक वाटते खरी. पण अम्नोनचं प्रेम पोटात घेणाऱ्या शब्दाला असा जोडीदार शोभतोच. 'माया' आपल्या माणसांपुरती राहते. 'दया' आणि 'करुणा' वरून खाली जातात, आणि अगापे तर 'एकमेकांवर' करायला सांगितलेली आहे, बरोबरीच्यांत. 'निरपेक्ष प्रेम' हे स्पष्टीकरण म्हणून ठीक. पण 'निरपेक्ष प्रेम सहनशील आहे' असं मोठ्याने वाचून बघा, शासकीय परिपत्रक वाटतं. भाषांतरात 'प्रीती'च ठेवावी, आणि पत्रिकेवर ज्यांना 'अगापे' हवं त्यांनी ते खुशाल देवनागरीत छापावं.